डावा हात शहाणा, उजवा खट्याळ

दोस्तांनो, आज आधी एक गंमत करू या. डाव्या हाताने टेबलावर एकसारखे ठोके द्या. एक, दोन, तीन, चार… अगदी घड्याळासारखे, बरं का! आता उजव्या हाताने टिचक्या मारा. पण ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. गडबडलात ना? सगळ्यांचंच होतं. पण एकदा जमलं, की पाय आपोआप हलायला लागतो.

'रॅगटाइम' या पियानो-संगीताची सारी गंमत यातच आहे. डावा हात शहाण्यासारखा ताल धरतो आणि उजवा त्याला सारखा चकवतो. (मी पेटीवर प्रयत्न करून पाहिला. पण डावा हात भाता मारण्यात गुंतलेला, मग ताल धरणार कोण!)

अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे संगीत घडवलं. दारूच्या गुत्त्यांत वाजायचं, म्हणून पुष्कळ लोक त्याला नाकं मुरडत. स्कॉट जॉप्लिनला हे मुळीच मान्य नव्हतं. त्याचे वडील एकेकाळी गुलाम होते. आई लोकांच्या घरी कामाला जाई आणि तिथल्या पियानोवर छोटा स्कॉट हात बसवी. पुढे त्याने आपल्या रचना स्वरान् स्वर लिहून काढल्या. आणि वर कागदावर बजावलं, की हे घाईने वाजवू नका! १८९९ साली त्याचा 'मेपल लीफ रॅग' छापला गेला. प्रत्येक प्रतीमागे त्याला एक सेंट मिळायचा. थोडेच, पण त्या काळी एकरकमी पैसे देऊन कित्येकांची बोळवण होई.

त्याचं मोठं स्वप्न होतं ऑपेराचं. 'ट्रीमोनिशा'ची नायिका आहे अठरा वर्षांची काळी मुलगी. ती शिकते आणि आपल्या माणसांची पुढारी होते. छापायला कुणी तयार होईना, तेव्हा १९११मध्ये त्याने स्वतःच छापला. पण रंगमंचावर तो थाटात झालेला काही त्याला पाहायला मिळाला नाही. १९१७ साली तो वारला. थडग्यावर नावाचा साधा दगडसुद्धा नव्हता. तोवर जॅझ आलं होतं, रॅगटाइम मागे पडलं.

पण लिहिलेले कागद होते ना! १९७० साली जोशुआ रिफ्किन या पियानोवादकाने जॉप्लिनच्या रचनांची रेकॉर्ड काढली. न धावता, शांतपणे वाजवलेली. १९७२मध्ये 'ट्रीमोनिशा' रंगमंचावर आला. १९७३च्या 'द स्टिंग' सिनेमाने त्याची १९०२ची 'द एंटरटेनर' ही धून घरोघरी नेली. १९७४ साली थडग्यावर नाव लागलं आणि १९७६मध्ये खास पुलित्झर सन्मान मिळाला. मृत्यूनंतर तब्बल ५९ वर्षांनी!

अमेरिकेत आइस्क्रीमच्या कितीतरी गाड्या हीच धून वाजवत गल्लीत शिरतात आणि पोरं पैसे घेऊन धावत सुटतात. तुमच्या कानावर कुठे पडली, तर आधी डावा हात ऐका हं. उजवा काय, तो लक्ष वेधून घेणारच!