आधी ऐकावे

लंडनचे अँग्लिकन धर्मगुरू चॅड वारा यांनी १९५३ साली निराश माणसांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. भेटीस आलेल्यांना मदतनीस मंडळी चहा देत, त्यांचे ऐकत. कित्येक जण धर्मगुरूंना न भेटताच हलके होऊन घरी जात! आम्हां धर्मगुरूंना हे जरा टोचते; उपदेश आमच्या जिभेवरच असतो. म्हणून स्वयंसेवकांना प्रथम गप्प बसणे शिकवावे, असे आमचे मत आहे. मग “जीव द्यावासा वाटतो का?” हे सरळ विचारण्याचा सराव. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला “देवावर भरवसा ठेवा” एवढेच सांगून फोन ठेवू नये. सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. तोही स्वयंसेवकांना पाठ हवा.