बाळाच्या हृदयाला चार दिवसांची विश्रांती, आणि बापाच्या खिशाची परीक्षा



बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरं, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न, लहानपणीच गेली. दर ७ फेब्रुवारीला आपण हे ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. माझा प्रश्न आजचा आहे. आज आपल्या वस्तीतलं बाळ पैशाअभावी गेलं, तर त्याला आपण नशीब म्हणणार की अन्याय?

विषय थोडा तांत्रिक आहे, पण समजून घ्या. हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळं हृदयात दोष घेऊन येतात. त्यातल्या काहींचं ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांतच करावं लागतं. कधी कधी ऑपरेशन नीट होतं, पण ते इवलंसं हृदय थकून जातं. तेव्हा 'एक्मो' नावाचं यंत्र लावतात. शिरेतून रक्त बाहेर घ्यायचं, पंपाने कृत्रिम फुप्फुसातून फिरवायचं आणि ऑक्सिजन मिसळून परत धमनीत सोडायचं. यंत्र दोष बरा करत नाही, हृदयाला काही दिवस विश्रांती देतं. रक्तस्रावाचा, गुठळीचा धोका मोठा असतो. जगभरच्या नोंदींत अशी जवळपास निम्मीच बाळं घरी परततात. पण यंत्र नसतं तर तीही बहुतेक परतली नसती.

या यंत्राचा इतिहास आपण मुद्दाम लक्षात ठेवावा. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी १९७२ मध्ये हृदयाच्या ऑपरेशननंतर एका लहान मुलाला यावर वाचवलं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात यावर पहिलं नवजात बाळ वाचलं. तिचा आजार फुप्फुसाचा होता. ती एका गरीब मेक्सिकन स्थलांतरित बाईची मुलगी होती. नर्सांनी तिचं नाव ठेवलं एस्पेरान्झा, म्हणजे आशा. ज्या यंत्राने सुरुवातीलाच एका गरीब मायचं लेकरू वाचवलं, ते आज गरिबाच्या आवाक्याबाहेर का?

आता मीरा रोडला या. समजा, भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यात राबणाऱ्या कामगाराचं बाळ निळं पडलं. बाप त्याला घेऊन निघतो, दहिसर चेकनाक्याची रांग पार करत परळला, केईएमकडे नाहीतर वाडियाकडे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड हातात असतं. पण ऑपरेशननंतर हृदय थकलं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचा हिशोब कोण देणार? यंत्राचा खर्च लाखांत जातो. तिथे बापाला सही विचारली जाते, तेव्हा खरं तर त्याचा पगार विचारला जातो.

काही शहाणे म्हणतील, "एवढ्या पैशात हजारो मुलांना लस देता येईल." बरोबर, लस द्याच! पण हा हिशोब श्रीमंताच्या बाळाच्या खाटेशी कोणी मांडत नाही. काटकसर नेहमी आपल्याच लेकरांपासून का सुरू होते?

१९९६ मध्ये ट्रेनमधून पडलेल्या एका मजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा कलम २१ चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येत नाही. ती सबब आपण का ऐकून घ्यायची?

गल्लोगल्ली एक्मो मागणं चूक आहे. अनुभवी डॉक्टर, परफ्युजनिस्ट आणि चोवीस तास खाटेशी नर्स नसेल तर यंत्र म्हणजे लोखंड. म्हणून नेमकं मागू या. एक, मीरा-भाईंदरमधल्या प्रत्येक प्रसूतिगृहात डिस्चार्जआधी बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावलीच पाहिजे. दोन, २०१३ साली पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून दोष सापडलेल्या प्रत्येक बाळाला वेळेत परळपर्यंत पोचवण्याची जबाबदारी महापालिकेने घ्यावी. तीन, मुंबईतल्या निवडक सार्वजनिक केंद्रांत माणसांसकट ही सोय असावी आणि योजनेतून तिचा पूर्ण खर्च मिळावा. चार, धर्मादाय रुग्णालयांत कलम ४१ कक नुसार निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. त्या रोज किती भरल्या, हे दारावर लिहा.

आणि आपलं काम? तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम पाव लिटर रक्त असतं. यंत्राच्या नळ्या भरायलाच दुसऱ्याचं रक्त लागतं, पुढे प्लेटलेट पुन्हा पुन्हा लागतात. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरं घेतोच. आता वर्षभर चालणारी दात्यांची यादी करा, आणि प्रत्येक शाखेत योजनेचे कागद वाचता येणारे दोघे तयार करा. रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या पायरीवर बसलेल्या बापाला आपल्या भाषणाचा उपयोग नसतो. त्याला शेजारी बसून अर्ज भरणारा माणूस हवा असतो.

रमाईंच्या वेळी यंत्र नव्हतं. आज आहे. म्हणून आजचा मृत्यू नशिबावर ढकलता येणार नाही.

जय भीम! जय संविधान!