विहिरीवरचा येशू, बायोडेटातली जात

योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीवर एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी तेव्हा शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. १९२७ चं महाड ठाऊक असलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग रविवारी यावर प्रवचन ऐकणारं कुटुंब सोमवारी स्थळाची जात का विचारतं? तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी भिंत घालून वेगळ्या का झाल्या?

१९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरताच ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. कारण काय, तर त्यांच्या धर्मात जात नाही! हा अन्याय आहे. पण ‘आमच्यात जात नाही’ असं म्हणणारे ख्रिस्ती पुढारी याच अन्यायाला साक्षीदार पुरवतात.

परधर्म समजून घ्यायचा तर जोतीरावांकडे जाऊ. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी असं घर कल्पिलं, जिथे बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होऊन प्रेमाने एकत्र राहतील. आपली घरं एका परजातीच्या सुनेनेही हादरतात.

मित्रमैत्रिणींनो, घरातले पहिले पदवीधर आपण. बायोडेटा आपणच टाइप करतो. ख्रिस्ती असा, बौद्ध असा वा नास्तिक, त्यातला जातीचा रकाना आधी खोडा. श्रद्धेवर मग बोलू.