सवत्स धेनूची पूजा आणि फराळाचे देणे

आश्विन वद्य द्वादशीस सायंकाळी गाय-वासराची पूजा होते आणि दीपोत्सवाचा पहिला दिवा लागतो. धनाची पूजा त्रयोदशीस, लक्ष्मीची अमावास्येस. परंतु या सर्वांच्या आधी मान आहे तो सवत्स धेनूचा, म्हणजे लेकरासह उभ्या असलेल्या मातेचा. घरोघरच्या माता त्या दिवशी गहू-मूग वर्ज्य करून मुलाबाळांसाठी आयुरारोग्य मागतात. या क्रमामागचा अर्थ आम्ही कीर्तनातून अनेकदा उलगडून सांगितला आहे. परंतु तोच अर्थ आमच्या उंबरठ्याशी उभा असता आम्हांस ओळखता आला नाही, ही कबुली आज द्यावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर येथे पंढरीत आमचे कीर्तन होते. ओघात आम्ही विकतच्या फराळावर बरेच तोंडसुख घेतले. ज्या घरी चकलीची भाजणी होत नाही, अनारशाचे तांदूळ भिजत नाहीत, त्या घरी लक्ष्मीने तरी कशासाठी यावे, असे आमचे बोल. श्रोत्यांनी दाद दिली. कीर्तन संपल्यावर नमस्कारास आलेल्यांत एक भगिनी होत्या; पदराशी आठ-नऊ वर्षांची मुलगी. त्या शांतपणे म्हणाल्या, "बुवा, आपण म्हणता ते खरे असेल. पण तीस घरांची भाजणी मी भाजते, म्हणून हिची आणि हिच्या भावाची शाळा चालली आहे." एवढे बोलून त्या निघून गेल्या.

घरी येऊन आम्ही हा प्रसंग सांगितला. सौभाग्यवती क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आपले अनारसे गेली दोन वर्षे त्यांच्याकडूनच येतात. माझ्याने आता होत नाही. आणि मागल्या वर्षीचे निम्मे पैसे अजून द्यायचे राहिलेत." त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन आम्ही स्वतः गेलो. दोन खोल्यांचे बिऱ्हाड. पती निवर्तल्यापासून त्या घरातूनच हा व्यवसाय चालविला जातो. पहाटे तीनला भाजणीची कढई चुलीवर चढते. तांदूळ, डाळी, सारे निरनिराळे भाजावे लागते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे. मुले उठली की त्यांचे आवरणे, डबे, शाळा. दुपारी तळण. रात्री मोजणे, बांधणे. यात एक पेच असा की, वर्षाची मोठी कमाई आणि मुलांची सहामाही परीक्षा एकाच पंधरवड्यात येतात. एका हातात झारा असता दुसऱ्या हाताने पाढे कसे घ्यावे? त्यात रात्री दहाला कोणी दार वाजवितो, "उद्या सकाळी दोन किलो चकली हवी." वाण्याचे तेल-बेसन उधारीवर, आणि आपण मात्र "दिवाळी झाल्यावर देऊ" म्हणतो. दिवाळी सरते न सरते तोच कार्तिकीची गर्दी उसळते आणि देणे विसरले जाते. ते विसरणे शेवटी मुलांच्या फीमधून वजा होते.

अशा मातेविषयी शास्त्रे काय म्हणतात? छांदोग्य उपनिषदातील जबाला ही घरोघरी राबून एकटीने पुत्र वाढविणारी स्त्री. गोत्र विचारणाऱ्या मुलाला तिने सत्य तेच सांगितले, गोत्र ठाऊक नाही म्हणाली आणि स्वतःचे नाव त्याला दिले. हारिद्रुमत गौतमांनी त्या सत्यावरूनच सत्यकाम जाबालास शिष्य म्हणून स्वीकारले. महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा नियम केला, तेव्हा आम्हांस त्या जबालेचीच आठवण झाली.

कौटिल्याची दृष्टी तर अधिकच व्यवहारी. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सूत्राध्यक्षाची कर्तव्ये सांगताना तो म्हणतो की, विधवा, जिचा पती दूरदेशी आहे अशी, अपंग, अशा ज्या स्त्रिया घराबाहेर न पडता स्वतःचे पोट भरू इच्छितात, त्यांच्याकडे दासीमार्फत सन्मानपूर्वक काम पाठवावे. जी पहाटे सूत घेऊन येईल, तिच्या मुखाकडे पाहणाऱ्या किंवा अन्य विषय काढणाऱ्या अधिकाऱ्यास पूर्वसाहस दंड. आणि वेतनाची वेळ टाळणाऱ्यास मध्यमसाहस दंड. म्हणजे वेतनाच्या विलंबाचा दंड त्याहून मोठा. घरी बसून राबणाऱ्या स्त्रीचा सन्मान कशात आहे, हे त्या आचार्याने किती नेमके ओळखले होते!

आपल्याच काळातले उदाहरण हवे तर 1959 साली गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग पाहा. पीठ घरी न्यावे, मुलांकडे पाहत पापड लाटावे, आणून द्यावे आणि श्रमाचे मोल वेळच्या वेळी घ्यावे, या साध्या रीतीवर असंख्य संसार उभे राहिले.

कोणी विचारील, विकत आणलेले देवास चालेल काय? आमचे मत आता असे आहे की, नैवेद्यापुरते चार लाडू घरी अवश्य वळावेत. त्यात कुलाचारही राहतो आणि मुलांचे शिकणेही. बाकीचे शक्ती नसेल तर खुशाल विकत आणावे. परंतु ज्याचे मोल दिलेले नाही ती वस्तू आपली झालेलीच नाही. मग ती देवापुढे आपली म्हणून कशी ठेवावी? दोष विकत घेण्यात नाही, तो उधारीत आहे.

त्या भगिनींनी पुढे स्वतःच काही नेम केले. मागणी कोजागरीपर्यंतच घ्यायची, निम्मे पैसे आधी, सायंकाळी सातला चूल बंद आणि मग मुलांचा अभ्यास. "दोन गिऱ्हाइके तुटली, पण मुलगा पुन्हा बोलू लागला," असे त्या म्हणाल्या. हे नेम त्यांचे खरे, परंतु ते पाळले जाणे आपल्या हाती आहे. विधवा असो, परित्यक्ता असो, घर आणि धंदा यांचा तोल ती एकटी सांभाळते असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या तराजूच्या एका पारड्यावर आपला हात ठेवलेला असतो, हे मात्र विसरतो.

म्हणून वाचकहो, एवढेच मागणे आहे. आज वसुबारसेचा दिवा लावण्यापूर्वी घरात आठवून पाहा, कोणाच्या फराळाचे, शिवणाचे, वातींचे देणे राहिले आहे काय? राहिले असेल तर मुलास हाताशी घेऊन स्वतः जा, देऊन या, आणि मग गाय-वासराला ओवाळा. त्या पूजेची सांगता तिथेच होईल.