गाडीमागे बोट, बोटीत बिछाना

साता समुद्रापलीकडून

या उन्हाळ्यात तीन निरनिराळ्या घरांतून मला एकच प्रश्न आला. "काका, मासेमारीची बोट घ्यायची आहे. मुलाबाळांसह रात्री मुक्काम करता आला पाहिजे, आणि आपल्याच गाडीला जोडून ओढून नेता आली पाहिजे. कोणती घ्यावी?" गावाकडच्या आईवडिलांना हे ऐकून नवल वाटेल. पोराने घर घेतले, गाडी घेतली, आता होडी कशाला? म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्य आहे. (राजधानीचे वॉशिंग्टन शहर ते वेगळे, ते पार दुसऱ्या टोकाला.) येथे सिएटल शहराला लागून प्युजेट साउंड नावाची समुद्राची मोठी खाडी जमिनीत शिरली आहे आणि तिच्या उत्तरेला सॅन हुआन बेटांचा समूह आहे. सॅमन मासा, डंजनेस जातीचा खेकडा, किनाऱ्यापर्यंत आलेले देवदार, सुट्टीच्या दिवशी सगळे शहर पाण्याकडे धावते. बंदरात बोट बांधून ठेवायची तर दरमहा भाडे भरावे लागते आणि जागेसाठी वाट पाहावी लागते. म्हणून मध्यमवर्गीय माणूस चाकांच्या सांगाड्यावर, म्हणजे ट्रेलरवर, बोट ठेवतो, घराच्या अंगणात उभी करतो आणि शनिवारी पहाटे गाडीला जोडून निघतो. संगणकाच्या नोकऱ्यांमुळे आपलीही बरीच मुले या भागात स्थायिक झाली आहेत. शेजारी जातो तर आपणही जावे, असे त्यांना वाटले तर त्यात गैर काही नाही.

गैर आहे ते एवढेच, की बोट दिवसाच्या डोळ्यांनी निवडली जाते. दुकानात ऊन असते, बोट जमिनीवर स्थिर असते आणि विक्रेता इंजिनाची अश्वशक्ती सांगत असतो. माझे म्हणणे असे की मुक्कामाची बोट रात्रीच्या हिशेबाने निवडावी. रात्री दोन वाजता पाऊस पडतो आहे, वारा फिरला आहे, नांगर सुटला की काय अशी शंका आहे आणि धाकट्याला लघवीला जायचे आहे. त्या वेळी ही बोट कशी वागेल? हा प्रश्न ज्या बोटीला विचारता येतो तीच बघावी.

छापील माहितीपत्रकात "चार जणांची झोपण्याची सोय" असे असते. बावीस फुटी बोटीत हे चार जण असे मोजतात: पुढच्या निमुळत्या टोकात व्ही आकाराची गादी, तिच्यावर दोघे, आणि जेवणाचे टेबल खाली उतरवून त्याच्यावर फळी-गादी टाकली की आणखी दोघे. व्ही आकारात पायाकडची बाजू अरुंद असते, तेथे चार पावले एकमेकांत अडकतात. टेबलाचा पलंग झाला की केबिनमध्ये उभे राहायला जागा उरत नाही. सामान? ते भिजत बाहेर. थोडक्यात, कागदावरचे चार म्हणजे दोन मोठी माणसे आणि एक-दोन लहान मुले, आणि ती मुले सात-आठ वर्षांनी लहान राहत नाहीत.

एका जोडप्याबरोबर मी बोटी पाहायला गेलो होतो. तो इंजिनाभोवती फिरत होता. ती अमरावतीकडची मुलगी, तिने चपला काढल्या, आत जाऊन सरळ आडवी झाली आणि म्हणाली, "अहो काका, इथे कूस बदलायची तर यांना आधी उठवावं लागेल." सगळ्यांनी असेच करावे. सगळे कुटुंब आत घ्यावे, दार लावावे, पंधरा मिनिटे पडून राहावे. मग एकाने उठून अंधार आहे असे समजून नांगरापर्यंत जाऊन दाखवावे. काही बोटींत वरचे झाकण उघडून कमरेपर्यंत बाहेर येता येते, तो प्रकार उत्तम. काहींत केबिनच्या बाजूने हातभर पट्टीवरून पुढे सरकावे लागते. तेथे धरायला भक्कम कठडा नसेल तर ती बोट सोडून द्यावी.

बोटींचे प्रकार पुष्कळ आहेत, पण आपल्या कामाचे दोनच. पहिल्या प्रकारात मागे मासेमारीला प्रशस्त मोकळी जागा आणि पुढे गुहेसारखी बसकी खोली असते. मासे पकडणाऱ्याला ही आवडते. दुसऱ्या प्रकारात काचेच्या खिडक्यांची बंद केबिन असते. सुकाणू आतच, उभे राहता येते, चहा करता येतो, मात्र मागची जागा आखूड होते. येथे वर्षातले कितीतरी महिने पावसाचे असल्याने मुलाबाळांसाठी माझे मत दुसऱ्या प्रकाराला आहे. याच राज्यात तयार झालेली सी-डोरी कंपनीची बावीस फुटी बोट या प्रकाराचा नामांकित नमुना आहे. तिचा तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट असल्याने ती कमी अश्वशक्तीत चालते, पेट्रोल कमी पिते आणि नांगरावर फारशी डुलत नाही. पण उसळत्या पाण्यात वेगाने नेली तर तोच सपाट तळ दणके देतो, तेव्हा वेग कमी करण्याची सवय हवी. खोल व्ही आकाराचा तळ लाटा कापतो, पण जड असतो, जास्त इंजिन मागतो आणि उभी असताना जास्त डुलतो. दोन्ही सुखे एका बोटीत मिळत नाहीत. ॲल्युमिनियमच्या बोटी खडकाळ किनाऱ्याला टिकाऊ, पण थंड रात्री आतून घाम धरतात आणि पाण्याची चापट-चापट कानाशी वाजत राहते.

आता गाडीचा हिशेब. घरोघर वाद होतात ते येथेच. माहितीपत्रकात दिलेले वजन बहुधा रिकाम्या कवचाचे असते. समजा ते २,३०० पौंड. ११५ अश्वशक्तीचे इंजिन सुमारे ४०० पौंड. ट्रेलर ९००. चाळीस गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पौंड धरून, २४०. वीस गॅलन पिण्याचे पाणी १६५. बॅटऱ्या, नांगर, साखळी १५०. बर्फाची पेटी, अंथरूण-पांघरूण, गळ, जाळी, भांडी, धान्य ४००. बेरीज ४,५५५ पौंड, म्हणजे दोन टनांच्या वर. पुष्कळ कौटुंबिक गाड्यांची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड असते, त्यांचा प्रश्नच मिटला. ५,००० ची गाडी कागदावर चालेल, पण चढाच्या रस्त्यावर आणि शेवाळलेल्या उतारावरून बोट पाण्याबाहेर काढताना तिचा जीव जातो. एक पंचमांश ताकद हातची राखावी, म्हणजे या बोटीला ५,७०० पौंडांच्या आसपास ओढणारी गाडी हवी. नसेल तर हलकी बोट घ्यावी, बोटीपायी नवी गाडी नको. येथे ३,००० पौंडांवरील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. रुंदी साडेआठ फुटांच्या आत असावी, त्याहून रुंद बोट रस्त्यावर न्यायला खास परवाना काढावा लागतो. पंचवीस फुटी बोटीचा मोह झालेल्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. आणि अंगणात ट्रेलर उभा करायला वसाहतीचे नियम परवानगी देतात का, हे पैसे मोजण्याआधी विचारावे. काही ठिकाणी देत नाहीत.

यापुढचे जरा कठोर लिहितो. येथील पाणी ऐन उन्हाळ्यातही बहुतेक ठिकाणी दहा-बारा अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा पाण्यात पडलेल्या माणसासाठी जाणकार एक ढोबळ हिशेब सांगतात: पहिले मिनिट धाप आवरण्याचे, मग सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी चालतात, आणि एका तासाच्या आत-बाहेर शुद्ध जाते. लाइफ जॅकेट अंगात असेल तरच हा हिशेब लागू, नसेल तर पहिल्या मिनिटातच नाकातोंडात पाणी जाते. आपल्यापैकी पुष्कळांना पोहता येत नाही. ज्या विहिरी-तळ्यांवर गावची पोरे पोहायला शिकली, त्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांना पायही ठेवू दिला जात नव्हता, तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही. पण बोट घेण्याआधी मुलांना आणि स्वतःलाही तलावावर शिकवणी लावावी. कायदा लहान मुलांपुरतीच जॅकेटची सक्ती करतो. आपल्या बोटीवर ती सर्वांना असावी, चालवणाऱ्यालाही. पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता येईल अशी शिडी मागे आहे का, ते पाहावे. ती नसेल तर नव्वद किलोच्या ओल्या माणसाला वर घेणे एकट्या बाईच्या ताकदीबाहेरचे आहे. मागच्या मोकळ्या जागेचा काठ मुलाच्या कमरेच्या वर यावा.

दुसरा धोका दिसत नाही. थंडी वाजते म्हणून खिडक्या बंद करून आत उघड्या ज्योतीची शेगडी किंवा हीटर चालू ठेवतात, किंवा दिव्यांसाठी छोटा जनरेटर मागे लावून ठेवतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, आणि माणसाला वाटते बोट लागली. झोपेत असेल तर तेही वाटत नाही. ॲरिझोना-युटा सीमेवरील लेक पॉवेल जलाशयात घरबोटींवर असे मृत्यू झाले आणि २००० साली त्याची सरकारी तपासणी झाली. शेजारी बांधलेल्या बोटीचा धूरही आत येऊ शकतो. बोटीसाठी बनवलेला वायूसूचक भोंगा झोपण्याच्या जागेत बसवावा. झोपताना ज्योत आणि इंजिन बंद, एक खिडकी उघडी. गरम राहायला जाड रजई पुरते. धूर नळीने बाहेर टाकणारा डिझेल हीटर मिळतो, पैसे असतील तर तो घ्यावा.

शौचालयाचा विषय दुकानात बायका संकोचाने विचारत नाहीत आणि पुरुषांना सुचत नाही. लहान बोटीत सुटी पेटी असते, ती किनाऱ्यावर नेऊन रिकामी करायची. २०१८ पासून प्युजेट साउंडमध्ये बोटीवरील मैला, प्रक्रिया केलेलासुद्धा, पाण्यात सोडण्यास बंदी आहे. पेटीभोवती पडदा तरी लावता येतो का, एवढे बघावे. गावाहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर गुडघेदुखीच्या माणसाला बोटीत चढता येईल का, हेही.

नांगराला दोर भरपूर हवा. रात्रीच्या मुक्कामाला पाण्याच्या खोलीच्या सातपट सोडतात, आणि येथे भरती-ओहोटीत दहा-बारा फुटांचा फरक पडतो, तेव्हा खोली भरतीची धरावी. डिसेप्शन पास नावाच्या अरुंद खिंडीत प्रवाहाचा वेग आठ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. तेथून प्रवाह थांबतो त्या वेळीच जावे.

जुनी बोट घेणाऱ्यांसाठी: फायबरच्या आत पुष्कळदा लाकूड असते, आणि इंजिन टांगलेली मागची भिंत आतून कुजलेली असू शकते. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने ठोकत जावे. टणक आवाज एकदम बोदा झाला की समजावे. ट्रेलरच्या टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. नक्षी चांगली दिसली तरी जुने टायर बदलायचेच. विकणाऱ्याशी संबंध नसलेला तपासनीस पैसे देऊन न्यावा आणि पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. बोटीची आणि ट्रेलरची नोंदणी वेगवेगळी असते, दोन्ही कागद मागावेत. १ जानेवारी १९५५ रोजी किंवा नंतर जन्मलेल्याला पंधरा किंवा अधिक अश्वशक्तीची बोट चालवण्यासाठी शिक्षणाचे कार्ड लागते. मासेमारीचा परवाना पंधरा वर्षांपासून पुढे, सॅमन आणि खेकड्याची नोंदवही वेगळी.

आणि ज्यांचे दोन पगारांत घराचे हप्ते आताच ओढाताणीने निघतात, त्यांना माझा सल्ला वेगळा आहे. अठरा फुटी उघडी, हलकी बोट घ्यावी, जी आहे ती गाडी ओढेल अशी, आणि बरोबर तंबू घ्यावा. सूशिया, जोन्स या बेटांवर राज्य सरकारची उद्याने आहेत, तेथे बोट लावून जमिनीवर तंबूत झोपता येते. मुले पळतात, पाय पसरतात, कोणी कोणाला उठवत नाही. त्यापूर्वी एका शनिवार-रविवारी केबिनची बोट भाड्याने घेऊन एक रात्र काढून पाहावी, तीही सप्टेंबरच्या पावसात. त्यानंतरही घरातील सर्वांना हवी असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सौदा करावा. हिवाळाभर बोट सांभाळायची नसल्याने त्या दिवसांत विकणारे भावात उतरतात.