रविवार कुणाचा?

मागच्या उन्हाळ्यात इंदूरला आत्याकडे गेले होते. रविवारी सकाळी सवयीने स्वयंपाकघरात शिरले, तर गॅस बंद. "आज दुपारपर्यंत चूल नाही गं," आत्या म्हणाली. आतोबांनी कोपऱ्यावरून पोहे-जिलेबी आणली. आत्या पेटी घेऊन बसली. बोटे अडखळत होती, पण चेहरा खुलला होता.

मला हेवा वाटला. माझा रविवार म्हणजे साठलेले कपडे, तपासायचे पेपर आणि 'आज काहीतरी खास कर' ही फर्माईश.

ही सुट्टी सहज मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 1884 पासून तिचा पाठपुरावा केला. एप्रिल 1890 मध्ये सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली. बायकांनीही मागून घेतलेला हा वार घरात मात्र बायकांच्याच वाट्याला येत नाही.

आपल्या भागात सोमवारी बैल औताला जुंपत नाहीत. तो बसवण्णाचा वार. मुक्या जनावराची विश्रांती आपण धर्म म्हणून पाळतो. 'विश्रांती' हा शब्द तर मराठीत आणि कन्नडमध्ये एकच!

परत आल्यावर घरी सांगून टाकले, रविवारी दुपारपर्यंत गॅस पेटणार नाही. पहिल्या रविवारी सासूबाई नुसत्या "होगली बिडू" म्हणाल्या. दुसऱ्या रविवारी त्यांनी माळ्यावरची विणकामाची पिशवी खाली काढायला लावली.

तुमच्या घरात कुणाचा रविवार राहून गेलाय? एकदा विचारून तर पाहा.