ओटी भरली, पण ओटीपोटाचे काय?

आपल्याकडे गर्भवतीच्या कोडकौतुकात काही कमी नसते. डोहाळजेवण होते, झोपाळा सजतो, ओटी भरली जाते. बाळंतपणानंतर सव्वा महिना शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू सारे यथासांग पार पडते. परंतु त्याच ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंविषयी घरात कोणी चकार शब्द काढीत नाही. या मौनापायी कितीतरी बायकांचे आयुष्य उगाच आखडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी एक मावशी चार बाळंतपणांनंतर कीर्तनाला जाईनाशी झाली, एस.टी.चा लांबचा प्रवास टाळू लागली. हिला माणसांचा कंटाळा आला, असे सारे म्हणत. खरे कारण तिने माझ्या आईला सांगितले, तेही वीस वर्षांनी. शिंकताना, खोकताना, हसताना तिला नकळत लघवी होत असे. 'बाईच्या जातीला हे चालायचेच,' अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

हे चालायचेच का? पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत हे स्नायू झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार तेच पेलतात. नऊ महिन्यांच्या ओझ्याने ही झोळी सैलावते, प्रसूतीत ती आणखी ताणते, कधी फाटतेही. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले तरी गरोदरपणाचा भार काही चुकत नाही. त्यातून लघवीवरचा ताबा सुटतो. काहींचे 'अंग बाहेर येते'.

१९४८ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी या स्नायूंचा व्यायाम मांडला. लघवी किंवा वारा रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळावेत, काही क्षण धरावेत आणि पूर्ण सैल सोडावेत. श्वास रोखू नये. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावे. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये. गरोदरपणातच सुरुवात केली तर पुढचा त्रास टळण्याची शक्यता वाढते. याला ना पैसा लागतो, ना साधन. अंग बाहेर येत असेल, किंवा व्यायामाने गुण येत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्यावरही उपचार आहेत.

उपचार आहेत, पण सांगायचे कोणी? डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ साली प्रसिद्ध केली. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के! ती पाहणी सर्वच स्त्रीरोगांची होती. पण दुखणे अंगावर काढण्याची रीत तिच्यात लख्ख दिसते.

महाविद्यालयाच्या अंकात असला विषय कशाला, असे कोणी म्हणेल. मी म्हणते, इथे नाही तर कुठे? आपल्यातील कित्येकजणी उद्या माता होतील, कित्येकजण पिता. आपल्या आरोग्यविषयक व्याख्यानांत याला एक तास मिळावा, आणि त्या तासाला मुलांनाही बसवावे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. दुखण्याच्या बाबतीत मात्र ती उघडलेलीच बरी.